धाकटी सून परवडते

कथेत कुणाला मारायचं हे ठरवणारी फार जुनी बैठक आमच्या मुलखात एका गौडाच्या वाड्यात भरली होती. तिचं इतिवृत्त कुणी लिहून ठेवलं नाही, उत्तर कर्नाटकातल्या बायांनी ते गाऊन जपलं. ‘केरेगे हार’ हे ते कन्नड कथागीत. कल्लनकेरीच्या मल्लनगौडाने तळं बांधलं, पण तळ्याला पाणी म्हणून लागेना. ज्योतिषाने पोथी उघडून सांगितलं, सून द्या. आता घरात सुना एकीहून अधिक असल्या की पुढचा प्रश्न येतोच. कुठली? थोरली द्यावी तर घराचं थोरपण जातं. राहिली धाकटी, भागीरथी. नवरा फौजेत, लांब. घरात तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. ठरलं.

कादंबरी लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने या गौडाची तसबीर टेबलासमोर लावावी. कारण मरण द्यायला पात्र निवडताना आपण सगळे त्याचाच हिशेब करतो. कुणाच्या जाण्याने कथेचं कमीत कमी अडेल? कुणाच्या मागे फारशी प्रकरणं उरलेली नाहीत? कोण गेल्यावर नायकाला चांगलं दोन पानांचं दुःख होईल, पण त्याची नोकरी, प्रेमप्रकरण आणि शेवटचं भाषण शाबूत राहील? उत्तर ठरलेलं असतं. धाकटी सून. तिचं नाव कधी शेवंता असतं, कधी ती नायकाचा वसतिगृहातला मित्र असते, कधी घरातला जुना गडी. पद तेच.

गौडाच्या घरची कारागिरीही शिकण्यासारखी आहे. भागीरथीला कुणी हाताला धरून ढकलत नाही. सगळं कुटुंब तळ्यावर पूजेला जातं, जेवणखाण उरकतं, परत निघतं, आणि मग लक्षात येतं की सोन्याची वाटी तिथेच विसरली. आणायला कोण जाणार? अर्थात धाकटी. ती पायऱ्या चढू लागते आणि पाणी तिच्या मागून चढतं. पाऊल, गुडघा, कंबर. पुढच्या शेकडो लेखकांनी आणि सिनेमावाल्यांनी ही वाटी वापरून गुळगुळीत केली. कुणी घरात विसरलेला चष्मा आणायला परत गेलं की प्रेक्षक मनात म्हणतो, गेला हा.

पण गौडाचा हिशेब चुकला. भागीरथीचा नवरा महादेवराय फौजेतून परत येतो, बायको कुठे विचारतो, टोलवाटोलवी ऐकतो, शेवटी खरं कळतं आणि तोही त्याच तळ्यात उडी घेतो. खातं मांडलं होतं एकीचं, खर्ची पडली दोघं. कथेतलं माणूस कधी एकटं मरत नाही, ही साधी गोष्ट ज्योतिषाच्या पोथीत नव्हती आणि लेखनकार्यशाळांच्या टिपणांतही मला दिसलेली नाही.

आता मराठी बाजू. याच पेचाची एक मराठी गोष्टही आहे आणि ती आमच्या आज्यांनी श्रावणात दर वर्षी वाचली. शिळासप्तमीची कहाणी. राजाने गाव वसवलं, तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवतांनी मागणी केली ती सुनेच्या थोरल्या मुलाची. राजा विचारी होता. पुष्कळांच्या जिवापुढे एका नातवाचं काय, असा त्याने मनाशी निवाडा केला. (तराजूत स्वतःला घालून बघायचं त्याला सुचलं नाही. राजांना सुचत नसतं.) अडचण एकच, सून कबूल होणार नाही. त्यावर तोड काढली: सुनेला माहेरी पाठवलं, मुलाला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले आणि पलंगासकट तळ्यात नेऊन ठेवलं. तळं तुडुंब. ज्यांचं जातं त्यांना आधी माहेरी पाठवायचं, ही पद्धत रस्तारुंदीच्या नकाशांपर्यंत येऊन पोचली आहे.

पण पुढे दोन भाषांचे रस्ते फुटतात. मराठी कहाणीतली सून माहेराहून परतताना त्याच तळ्यावर वसा वसते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवते आणि तिचा मुलगा पाण्यातून परत येतो. कन्नड भागीरथी परत येत नाही. मी बरीच वर्षं दोन्ही भाषांच्या मधल्या कट्ट्यावर बसून आहे, त्यामुळे हे तटस्थपणे सांगू शकतो: मेलेलं माणूस परत आणायची सोय हाताशी असली की मारणारा हात सैल सुटतो. मराठी दूरदर्शन मालिका ही थेट शिळासप्तमीची नातवंडं. नटाने पैसे वाढवून मागितले की त्याची गाडी दरीत जाते. प्रेत मिळत नाही, कारण नट पुन्हा कमी पैशात तयार होण्याची शक्यता असते. आमच्या हुबळीच्या दाजीबान पेठेतल्या बायका हे इतकं ओळखून आहेत की दरीत गाडी गेली तरी त्या भाजी निवडणं थांबवत नाहीत.

या हिशेबाचं सर्वांत निर्दय आणि सर्वांत प्रामाणिक प्रकरण महाभारतात आहे. कर्णाजवळ इंद्राने दिलेली शक्ती होती, एकदाच चालणारी, आणि ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. म्हणजे अर्जुनाच्या जागी कुणीतरी मरणं भाग होतं. चौदाव्या रात्री घटोत्कच पुढे झाला, कौरवसेना चिरडू लागला, आणि कर्णाला ती शक्ती त्याच्यावर टाकावी लागली. पांडवांच्या तळावर शोककळा पसरली आणि श्रीकृष्ण आनंदाने नाचू लागला. व्यासांनी हे लपवलेलं नाही. भीमाचा मुलगा खरा, पण हिडिंबेचा. हस्तिनापुरातल्या कुठल्याही कुटुंबाच्या छायाचित्रात नसलेला. गरज पडली की बोलवायचा, काम झालं की आकाशातून पाडायचा. घटोत्कच हा पांडवांच्या घरची धाकटी सून होता. फरक इतकाच की व्यासांनी नाचणारा कृष्ण दाखवला. आजचा लेखक अशा वेळी पावसाची सर आणतो आणि नायकाचे अश्रू त्यात मिसळून टाकतो.

धारवाडात असले प्रश्न सुभाष रोडवरच्या एका माळ्यावर सुटत आले. मनोहर ग्रंथमालेचा तो प्रसिद्ध ‘अट्ट’. जी. बी. जोशींनी १९३३ साली ग्रंथमाला सुरू केली, पुढे कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा समीक्षक तिथे बसू लागला, आणि कन्नडातल्या कितीतरी पात्रांचं जगणं-मरणं त्या जिन्याने वर जाऊन खाली आलं. १९६५ साली तिथूनच यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ निघाली. तिने गौडाचा हिशेबच उलटा केला. नारणप्पा हे अख्ख्या अग्रहाराला पुरून उरलेलं पात्र. दारू पितो, मांस खातो, चंद्रीला घरात ठेवतो, देवळाच्या पुष्करणीतले मासे धरतो. कुठलाही शहाणा लेखक असं माणूस शेवटपर्यंत पुरवून वापरेल. अनंतमूर्ती त्याला सुरुवातीलाच मारतात. मग प्रेत पडून राहतं, अग्नी कुणी द्यायचा यावर ब्राह्मण पोथ्या उलगडत बसतात, गल्लीत उंदीर मरू लागतात. आणि गंमत अशी की चंद्री रात्री एका मुसलमान ओळखीच्याच्या मदतीने प्रेत जाळून मोकळी होते. अग्रहाराला पत्ता नाही. प्रेत संपलं तरी कादंबरी चालूच. जे पात्र गमावणं सर्वांत महाग तेच पहिल्या पानांत खर्च करण्याची ही छाती. आमच्यातला सरासरी लेखक नारणप्पाला तीनशे पानं खोकायला लावेल आणि शेवटी पश्चात्ताप करवून घेईल.

त्याच माळ्यावरून चार वर्षं आधी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’ छापून आलं. लेखकाने नुकती विशी ओलांडलेली. महाभारतातल्या ययातीला मुलाचं तारुण्य हवं असतं, मुलगा पूरू देऊन टाकतो. कार्नाडांनी त्यात पूरूची बायको घातली, चित्रलेखा. नवी नवरी, त्या घरात नुकती आलेली. नवऱ्याचं म्हातारपण समोर बघून ती सासऱ्याला असे प्रश्न विचारते की त्याची बोलती बंद होते, आणि मग विष घेते. तिच्या मरणाने ययातीचे डोळे उघडतात. बघा, तळ्याला पाणी आलं. पुन्हा सूनच, तीही सर्वांत शेवटी घरात आलेली. मी कार्नाडांना नावं ठेवत नाही. तिच्या तोंडी प्रश्न तरी आहेत, भागीरथीने वाटीसुद्धा निमूट आणली होती. पण मल्लनगौडा किती खोल मुरलाय ते यावरून कळावं. धारवाडचं पाणी पिऊन ऑक्सफर्डला निघालेला मुलगाही शेवटी धाकट्या सुनेकडेच वळतो.

कार्नाड स्वतः या यादीत एकदा लागले होते. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनीच लिहिलंय. ते पोटात असताना आईवडील पुण्याला डॉ. मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात गेले होते, हे मूल नको म्हणून. डॉक्टर त्या दिवशी आल्याच नाहीत. दोघं वाट बघून परतली. १९३८ साली माथेरानला मुलगा झाला आणि पुढे त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका त्याने त्या न आलेल्या डॉक्टरांच्या नावे लिहिली. हस्तलिखितातलं ‘अनावश्यक पात्र’ खोडायला जाणाऱ्या संपादकांनी अधूनमधून असं कामावर न येणं साहित्याच्या हिताचं असतं.

हुबळीकडे वळू. एस. एल. भैरप्पा १९५८ ते १९६० हुबळीच्या काडसिद्धेश्वर कॉलेजात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत होते. तर्कशास्त्राचा मास्तर कादंबरी लिहू लागला की पात्रांनी सावध राहावं. ‘वंशवृक्ष’ उघडते तेव्हा श्रोत्रींचा तरुण मुलगा कपिला नदीत बुडून गेलेला आहे. तो बुडाला नसता तर त्याची बायको कात्यायनी विधवा झाली नसती, म्हैसूरच्या कॉलेजात गेली नसती, दुसरं लग्न केलं नसतं. एक बळी आणि सबंध कादंबरी वाहती. पण भैरप्पा तिथे थांबत नाहीत. दुसऱ्या संसारात कात्यायनीचे गर्भ टिकत नाहीत, ती खंगत जाते आणि शेवटी मरते. पुन्हा सून. उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातून ती आपल्याकडे आली. आपल्या घरी या कादंबरीवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, लेखकाने तिला शिक्षा केली. दुसरा म्हणतो, आयुष्याने केली, लेखक काय करणार! मला विचाराल तर पहिल्या तटाचं पारडं जरा जड आहे. नदीने एकदा मारलं ते समजू शकतो. तर्कशास्त्राने दुसऱ्यांदा मारलं ते मनात राहतं.

हेच भैरप्पा ‘गृहभंग’मध्ये मात्र निराळे दिसतात. नंजम्माची पोरं प्लेगात जातात, लग्न झालेली मुलगी आणि हाताशी आलेला मुलगा, लागोपाठ. पुढे नंजम्माही जाते. तिथे कुणी पोथी उघडत नाही, थोरली-धाकटी बघत नाही. कारण भैरप्पांनी स्वतः लहानपणी आई आणि भावंडं प्लेगात गमावली होती. प्लेगला ज्येष्ठताक्रम नसतो. १८९८ साली हुबळीत प्लेगने थैमान घातलं, हाफकिनची लस हजारो लोकांना टोचली गेली, तेव्हाही तो वाड्यात आणि झोपडीत सारखाच शिरला होता. ‘गृहभंग’मधल्या मरणांमुळे कथेचं काही साधत नाही. कुठलंही तळं भरत नाही. नंजम्मा दुसऱ्या दिवशी उठते आणि पत्रावळी लावायला बसते, म्हणून ती वाचणाऱ्याच्या घशात अडकते.

मराठी कादंबरी-नाटकांची वही काढली तर पहिल्या पानावर हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये आठवड्याला थोडी थोडी येत होती. तिची नायिका यमू सुखात आहे, नवरा सुशिक्षित, सुधारक, बायकोला शिकवणारा. शनिवार आला की वाचक खूश. आणि हरिभाऊंनी नेमका तोच मारला. दुष्ट शंकरमामंजी धडधाकट. हा हिशेब गौडाचा नव्हता. सर्वांत लाडका माणूस काढून घेतल्याखेरीज विधवा यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचकाच्या घरात शिरला नसता. हरिभाऊंनाही तळ्यात पाणी हवंच होतं, सुधारणेचं. पण त्यांनी आपल्या पोरांतलं उत्तम पोर दिलं, गड्याच्या मुलावर भागवलं नाही. याउलट राम गणेश गडकरी. दारूवरच्या ‘एकच प्याला’ नाटकात तान्हं मूल, सिंधू, सुधाकर, तळीराम, सगळे रवाना. गडकरींकडे निवड करण्याची भानगडच नाही, घाऊक व्यवहार. प्रेक्षक सिंधू होऊन मरणारे बालगंधर्व बघायला बैलगाड्या जुंपून येत, रडत, आणि दुसऱ्या खेळाचं तिकीट काढत. दारूचा खप किती घटला याची नोंद मात्र कुठे सापडत नाही.

परदेशी उदाहरण द्यायचंच तर आर्थर कॉनन डॉयलचं देतो, कारण त्याच्याकडे हिशेबाची पावती आहे. शेरलॉक होम्सचा त्याला कंटाळा आला होता. १८९१ सालीच त्याने आईला पत्र लिहून मनसुबा कळवला आणि आईने तो हाणून पाडला. (जगातल्या कुठल्याही संपादक मंडळात लेखकाच्या आईला जागा असावी.) तरी १८९३ च्या डिसेंबरात त्याने होम्सला धबधब्यात ढकललंच. वाचक खवळले, मासिकाचे वर्गणीदार गळाले. दहा वर्षांनी पैशाने आणि आग्रहाने लेखक नमला आणि होम्स परत आला, प्रेत सापडलेलंच नव्हतं म्हणून. आमची दरीतली गाडीच ती. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण होम्स परतला तेव्हा एक अडचण होती. वॉटसन लग्न करून वेगळा राहत होता, त्याला जुन्या बिऱ्हाडात परत आणायचा कसा? डॉयलने वॉटसनची बायको मारली. कशाने, कधी, काही नाही. वॉटसनच्या दुःखाचा एक ओझरता उल्लेख, त्यात तिचं नावसुद्धा नाही. एका पुरुषाला जिवंत करण्यासाठी एक बाई अर्ध्या वाक्यात संपली, आणि होम्ससाठी हळहळणाऱ्या त्या वाचकांपैकी तिच्यासाठी कुणी वर्गणी बंद केल्याचं ऐकिवात नाही. मल्लनगौडाला इंग्रजी येत असतं तर त्याने पाठ थोपटली असती.

आमचे एक परिचित आहेत, बँकेतून निवृत्त, धारवाडात लाइन बझारकडे राहतात. तीन पिढ्यांच्या वाड्याची कादंबरी लिहितात. ती आमच्या हुबळी स्टेशनाच्या फलाटाएवढी झाली आहे, आणि तो १५०७ मीटर आहे, जगातला सर्वांत लांब. फलाट लांब म्हणून गाडी लवकर सुटते असं नाही. तर माणसं फार झाली म्हणून त्यांनी हिशेबाची वही घातली. प्रत्येक पात्राचं खातं. पुढे उपयोग काय, येणी किती, वसुलीची शक्यता किती. ज्यातून काही निघणार नाही ते बुडीत, म्हणजे मारायला मोकळं. वही बघून मी थक्क झालो. बुडीत खात्यांत विधवा काकू, वेडसर धाकटा भाऊ, स्वयंपाकीणबाई आणि एक लंगडा कुत्रा. वसुलीयोग्य खात्यांत सगळे कर्ते पुरुष.

“या काकूंना का मारता?” मी विचारलं.

“काय करायचं री त्यांचं? नुसत्या बसून असतात.”

नुसतं बसून असलेल्या माणसांमुळेच वाडा वाडा वाटतो, हे बँकेच्या तपासणीत कसं बसवणार? काकू गेली की संध्याकाळी दिवा कुणी लावायचा, चहा नको असं कुणी म्हणायचं, नायकाने कुणाची चोरून बिडी आणायची? कामाचं नसलेलं पात्र काढलं आणि कथा सुटसुटीत झाली असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या घरी तो प्रयोग करून बघावा.

गावाचीही एक अडचण असते, ती मुंबई-पुण्याच्या लेखकाला कळायची नाही. धारवाडात मूळ माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आमच्या परिचितांनी पूर्वी एका दिवाळी अंकात मालमड्डीतल्या आत्याला क्षयाने मारलं होतं, नाव बदलून, पण नथ तशीच ठेवून. आत्या ठणठणीत होत्या, वाचनालयाच्या जुन्या सभासद. सकाळी सातला फोन. “क्षयाने रे? आपल्या घराण्यात कुणाला झालाय क्षय? माझ्या नातीचं बघायचं चाललंय, जरा हार्टअटॅक तरी द्यायचास!” तेव्हापासून ते पात्र मारण्याआधी नातेवाइकांची लग्नाळू मुलं मोजतात.

यातून सुटका हवी असेल तर माणसं आधीच कमी ठेवावीत. याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत राहिले, गॉगल लावून, सभासमारंभ टाळून. ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’, ‘रमलखुणा’ लिहिले, अमेरिकन कादंबऱ्या मराठीत आणल्या, पण स्वतःची कादंबरी लिहिली नाही. कथेत राखीव खेळाडू बसवायला जागाच नसते. जी.एं.च्या कथेत मरण येतं ते कुणाचा उपयोग विचारून येत नाही, आणि त्याने कुणाचे डोळे उघडतील असलं आश्वासनही देत नाही. बरेच जण म्हणतात, फार अंधार आहे. असेल. पण त्या अंधारात कुणी सोन्याची वाटी आणायला पाठवत नाही.

आणि कादंबरीच हवी तर नेमाड्यांची ‘कोसला’ बघा. १९६३. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. घरातली लहान पोर, म्हणजे गौडाच्या यादीत अगदी वर. पण नेमाडे तिच्या मरणाचं काहीही करत नाहीत. पांडुरंग शहाणा होत नाही, बाप मवाळ होत नाही, कुणी गावात दवाखाना उघडत नाही. तळं कोरडं ते कोरडंच. कादंबरी तिथे नुसती फुटते आणि पुढे तशीच तडा गेलेली चालत राहते. मनीचं खातं त्या वहीत कुठे बसवाल? येणं शून्य, आणि तरी अख्ख्या पुस्तकाची शिल्लक तिने नेली.

ही मनीची गोष्ट मी आमच्या परिचितांना सांगितली तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती आत मिरच्या भाजत होत्या. कादंबरीचं टंकलेखन त्याच करतात, त्यामुळे वाड्यातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी निदान दोनदा टंकलं आहे. बाहेर आल्या, वही बघितली, काकूंच्या नावावरची फुली बघितली.

“अहो, या बिचारीला राहू दे. तुमच्या वासुदेवरावांना काढा की.”

वासुदेवराव म्हणजे नायक. बँकेत अधिकारी, तत्त्वनिष्ठ, कुटुंबाचा आधारस्तंभ, सत्तर टक्के संवाद त्यांचे.

“अगं, नायक आहे तो! त्याला काढल्यावर उरतंय काय?”

“काढून बघितलं मी,” त्या म्हणाल्या. “परवा चुकून त्यांची तीन प्रकरणं टंकायची राहिली. वाचून काढलं तर कुठं काही अडत नाही बघा. स्वयंपाक होतोय, काकू दिवा लावतीयेत, मुलांची लग्नं पण झाली.”

वासुदेवराव अजून बुडीत खात्यांत गेलेले नाहीत. मात्र त्या पानावर पेन्सिलीने एक अगदी लहान प्रश्नचिन्ह आलंय, आणि ते अक्षर नवऱ्याचं नाही.